पहाटे उमलणारी गारवेल आणि ती घरी कशी लावावी



आपल्या देवगाव फाट्यावरून जिंतूरकडे, सेलूकडे आणि मंठ्याकडे रस्ते जातात. पावसाळ्यात यातला कोणताही रस्ता धरला तरी कडेच्या काटेरी कुंपणावर निळी निळी फुलं दिसतात. सकाळी शाळेत येताना ती टवटवीत असतात. दुपारच्या सुट्टीत पाहावं तर सगळी मिटलेली. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा नवी फुलं हजर! या वेलीला आपल्याकडे गारवेल म्हणतात. कोणी नीळवेलही म्हणतात.

यंदा आमच्या चौथीच्या वर्गानं ही वेल डब्यांत लावली. रोज पाहणी केली आणि वहीत टिपण ठेवलं. त्यातून जे कळलं आणि गुरुजींनी जे समजावून सांगितलं, ते मी या लेखात लिहीत आहे.

वेलीची ओळख

गारवेलीचं शास्त्रीय नाव आयपोमिया निल असं आहे. गुरुजी म्हणाले की आयपोमिया हा शब्द ग्रीक भाषेतून आला आणि त्याचा अर्थ 'किड्यासारखी' असा होतो. वेल वळवळत वर चढते म्हणून हे नाव पडलं. 'निल' म्हणजे आपला नीळ शब्दच आहे. तो संस्कृतातून अरबी भाषेत गेला आणि तिथून शास्त्राच्या पुस्तकात गेला. म्हणजे साहेबांच्या पुस्तकातही आपलाच शब्द आहे, हे ऐकून आम्हांला लई मजा वाटली.

वेलीच्या अंगावर बारीक लव असते. पानाला बहुधा तीन टोकं असतात. फुलाचा आकार लाऊडस्पीकरच्या भोंग्यासारखा असतो. जास्वंदीच्या पाकळ्या सुट्या करता येतात, तशा या फुलाच्या होत नाहीत. पाचही पाकळ्या जोडून एकच भोंगा झालेला असतो. नीट पाहिलं तर त्यावर पाच पट्टे दिसतात आणि पट्ट्यांची चांदणी झालेली दिसते. आत पाच पुंकेसर असतात. ते सारखे नसतात, काही लांब तर काही आखूड.

फूल गळलं की मागं वाटाण्याएवढं गोल बोंड राहतं. बोंडाच्या आत तीन खण असतात आणि प्रत्येक खणात दोन बिया. म्हणजे भरलेल्या बोंडात ३ × २ = ६ बिया निघतात. बी काळं आणि तीन कडांचं असतं. औषधाच्या दुकानात या बियांना काळादाणा म्हणतात.

वेलीचे भाऊबंद

गारवेलीचं कुळ मोठं आहे. त्यातले बरेच जण आपण रोज पाहतो, पण ते भाऊबंद आहेत हे आपल्याला ठाऊक नसतं.

एकादशीला आपण रताळी खातो. रताळ्याची वेल ही गारवेलीची सख्खी बहीण. तिलाही भोंग्यासारखी फिकट जांभळी फुलं येतात. अंगणात लावतात ती गणेशवेल दुसरी बहीण. तिचं पान शेपूसारखं बारीक आणि फूल लालभडक, पाच टोकांच्या चांदणीसारखं. नाल्याच्या काठी उभी असते ती बेशरम ही पण याच घरातली. ती वेल न होता झुडूप झाली. शेळ्यांनी बेशरम सारखी खाल्ली तर त्यांना विषबाधा होते, म्हणून राखणाऱ्यानं लक्ष ठेवावं. कोकणात समुद्रकाठी मर्यादवेल असते. तिचं पान आपट्याच्या पानासारखं मध्ये चिरलेलं असतं, आणि ती वाळू धरून ठेवते. कुंपणावर पिवळ्या दोऱ्यांसारखी पसरते ती अमरवेल याच कुळातली. पण ती स्वतः अन्न तयार करत नाही. दुसऱ्या झाडाचा रस पिऊन जगते. एका घरात सगळेच सारख्या स्वभावाचे नसतात, तसंच हे.

बी कसं लावावं

साहित्य : गोडेतेलाचा रिकामा पत्र्याचा डबा, काळी माती, थोडी वाळू, कुजलेलं शेणखत, सुतळी आणि तुराट्या.

कृती : डब्याच्या बुडाला खिळ्यानं चार-पाच भोकं पाडावीत. हे काम मोठ्या माणसाकडून करून घ्यावं. भोकं नसली तर आपली काळी माती पाणी धरून बसते आणि मुळं कुजतात. भोकांवर खापराचे तुकडे ठेवावेत. मग तीन वाटे माती, एक वाटा वाळू आणि एक वाटा शेणखत कालवून डबा भरावा. शेणखत जास्त घालू नये. जास्त खतानं वेल नुसती पानांनी माजते आणि फुलं कमी येतात.

बियांचं टरफल फार कडक असतं. तसंच पेरलं तर काही बिया महिनाभर उगवत नाहीत. म्हणून बी फरशीवर हलकेच घासावं आणि रात्रभर पाण्यात भिजत ठेवावं. सकाळी जे फुगलेलं असेल ते पेरायचं. बोटाच्या एका पेराएवढं खोल आणि एका डब्यात तीनच बिया. उगवल्यावर दोन जोमदार रोपं ठेवून तिसरं काढून टाकावं.

आमच्या वहीतलं टिपण असं आहे :

२६ जून – बी भिजत घातलं.
२७ जून – १२ डब्यांत पेरलं.
१ जुलै – पहिला कोंब वर आला. पहिली दोन पानं मध्ये चिरलेली होती, हरणाच्या खुरासारखी.
९ जुलै – तीन टोकांचं पहिलं खरं पान.
१८ जुलै – वेलीला ताण फुटले, तुराटी रोवली.
२२ ऑगस्ट – डबा क्रमांक ४ मध्ये पहिलं फूल.

वेल कशी चढते

गारवेलीला काकडीसारखे आधार धरायचे तार नसतात. तिचं खोडच आधाराभोवती गुंडाळतं. आम्ही एका वेलीच्या शेंड्यासमोर खडूनं खूण केली. परिपाठ झाला तेव्हा शेंडा खिडकीकडे होता. पहिल्या दोन तासांनंतर पाहिलं तर तो गोल फिरून पुन्हा खिडकीकडे येत होता. आधार सापडेपर्यंत शेंडा असा हवेत चाचपडत फिरतो. तुराटी लागली की तिला धरतो.

सगळ्या १२ डब्यांतल्या वेली एकाच बाजूनं गुंडाळल्या होत्या. वरून पाहिलं तर घड्याळाच्या काट्याच्या उलट. गुरुजींनी एका वेलीचा शेंडा सोडवून मुद्दाम उलट्या बाजूनं गुंडाळायला सांगितला. दुसऱ्या दिवशी तो सुटला होता आणि पुन्हा आपल्याच बाजूनं वळला होता. वेलीला कोणी शिकवत नाही, तरी तिची दिशा चुकत नाही.

फूल पहाटेच काऊन उमलतं

आम्हांला सगळ्यांना वाटायचं की सूर्य उगवला म्हणजे उजेडानं फूल उमलत असेल. पण गुरुजींनी विचारलं, "मग दिवस उगवायच्या आधीच फुलं उमललेली कशी दिसतात?" कोणालाही उत्तर आलं नाही.

खरी गोष्ट अशी आहे की गारवेलीची कळी आदल्या संध्याकाळपासून वेळ मोजते. अंधार पडला की तिचं मोजणं सुरू होतं आणि साधारण दहा तासांनी ती उमलते. संध्याकाळी साडेसहाला दिवस मावळला तर पहाटे साडेचारच्या सुमारास फूल उघडतं. म्हणजे ती सकाळचा उजेड पाहत नाही, कालचा अंधार मोजते.

हे खरं का ते पाहायला आम्ही एक प्रयोग केला. तो ऑक्टोबर महिन्यात केला, कारण तेव्हा फुलं भरपूर होती. दोन डबे माझ्या घरी आणले. दोन्हींवर दुसऱ्या दिवशी उमलणाऱ्या कळ्या होत्या. अशी कळी ओळखायची खूण म्हणजे ती लांब होते आणि छत्री मिटल्यासारखा तिला पीळ पडलेला असतो. डबा क्रमांक ७ दुपारी साडेतीन वाजता धान्याच्या अंधाऱ्या खोलीत ठेवला आणि दाराच्या फटीला पोतं लावलं. डबा क्रमांक ४ अंगणातच राहू दिला.

आमच्या बाबांना रात्री मोटार चालू करायला उठावं लागतं, कारण शेतीची लाईट रात्री असते. ते पहाटे तीनला उठले तेव्हा त्यांना मी सांगून ठेवलं होतं. त्यांनी बॅटरी घेऊन दोन्ही डबे पाहिले आणि मलाही उठवलं. खोलीतल्या डब्यावर तिन्ही फुलं पूर्ण उमललेली होती. अंगणातल्या डब्यावरच्या कळ्यांचा पीळ अजून सुटत होता. खोलीतल्या वेलीला अंधार लवकर मिळाला म्हणून तिची पहाट लवकर झाली. बाबा म्हणाले, "माझ्यासारखीच हिची पण रातपाळी दिसती."

याच कारणानं आणखी एक गोष्ट उलगडली. फाट्यावर एका दुकानाच्या कुंपणावर गारवेल आहे. तिच्यावर रात्रभर दिवा असतो. ती वेल हिरवीगार आहे, पण तिला आमच्या वेलींपेक्षा फारच कमी फुलं आली. गुरुजी म्हणाले, गारवेलीला फुलायला लांब आणि सलग रात्र लागते. दिवा असला की तिला रात्र झालीच नाही असं वाटतं. म्हणून घरी वेल लावताना जागा पाहून लावावी. दिवसा निदान पाच-सहा तास ऊन आणि रात्री अंधार. रस्त्याच्या दिव्याखाली किंवा ओसरीच्या बल्बजवळ डबा ठेवू नये.

दुपारी फूल कुठं जातं

फुलाचा भोंगा फार पातळ असतो. ऊन वाढलं की त्यातलं पाणी उडतं, कडा आत वळतात आणि फूल मिटतं. झड लागलेली असेल किंवा आभाळ आलेलं असेल तर तेच फूल दुपारपर्यंतही टिकतं. पण एकदा मिटलेलं फूल पुन्हा उमलत नाही. एका फुलाला एकच सकाळ. वेलीवर रोज नव्या कळ्या येतात, म्हणून आपल्याला तीच फुलं वाटतात.

रंगाचीही गंमत आहे. कळी तांबूस-जांभळी असते, उमललेलं फूल निळं असतं आणि सुकताना ते गुलाबी होतं. फुलातला रस कमी-जास्त आंबट होतो, तसा रंग बदलतो. हे घरीही करून पाहता येतं. पाच-सहा निळी फुलं थोड्या पाण्यात चुरगाळून पाणी गाळून घ्यावं. दोन वाट्यांत ओतावं. एका वाटीत लिंबू पिळलं की पाणी गुलाबी-लाल होतं. दुसरीत चिमूटभर खायचा सोडा टाकला की ते निळसर-हिरवं होतं. हे पाणी पिऊ नये, ओतून द्यावं.

जपानची मुलं आणि गारवेल

ही वेल मूळची अमेरिकेतली मानतात. पण तिचे सगळ्यांत जास्त लाड जपान देशात होतात. सुमारे बाराशे वर्षांपूर्वी तिचं बी चीनमधून जपानात गेलं ते औषध म्हणून. पुढं लोकांना फुलंच आवडायला लागली. त्यांनी निवडून निवडून पांढरी, लाल, पट्ट्यांची आणि झिरमिळ्यांची अशी नाना तऱ्हेची फुलं तयार केली. जपानी भाषेत या फुलाला 'असागाओ' म्हणतात. त्याचा अर्थ 'सकाळचा चेहरा'. टोकियो शहरात इरिया नावाच्या भागात दर जुलै महिन्यात ६ ते ८ तारखेला गारवेलीच्या कुंड्यांची मोठी जत्रा भरते.

तिथल्या शाळांत पहिलीच्या मुलांना गारवेलीची कुंडी लावायला देतात. मुलं मे महिन्यात बी पेरतात, पाणी घालतात आणि वहीत चित्रं काढतात. जुलैत उन्हाळ्याची सुट्टी लागली की आपापली कुंडी घरी नेतात. आपण चौथीत केलं ते तिकडं पहिलीची मुलं करतात. पण त्यांच्या कुंड्या विकतच्या असतात आणि आपले डबे फुकटचे, एवढा आपला फायदा!

शेतकऱ्याची बाजू

आता महत्त्वाची गोष्ट. ही गोष्ट सगळ्यांनी नीट वाचावी.

मी डबा घरी आणला तेव्हा माझी आई म्हणाली, "अगं, जे तण आम्ही दिवसभर वाकून खुरपतो, त्याला तू पाणी घालून वाढवतीस व्हय?"

आईचं म्हणणं खरं आहे. गारवेल वावरात शिरली की सोयाबीनला आणि कपाशीला गुंडाळते. झाडं एकमेकांत बांधली जातात आणि आडवी होतात. सोयाबीन काढताना विळा अडकतो. शिवाय टरफल कडक असल्यानं बी मातीत काही वर्षं तसंच जिवंत पडून राहतं. यंदा खुरपलं तरी पुढच्या पावसात दुसरं उगवतं. एका बोंडात सहा बिया, तर एका वेलीवर किती होतील याचा हिशोब करून पाहा. खुरपणीला बाया लावाव्या लागतात आणि मजुरी द्यावी लागते. म्हणून शेतकऱ्याला हे फूल पाहून आनंद होत नाही.

मी आईला सांगितलं की एकही बी बाहेर जाणार नाही. आई म्हणाली, "वावरात एक जरी वेल दिसली तर डबा उकिरड्यावर जाईल." मी कबूल झाले.

त्यासाठी वर्गात नियम केला. बोंड हिरवं असताना बी कच्चं असतं. ते पिवळं पडून तपकिरी व्हायला लागलं की देठासह तोडायचं. पूर्ण वाळू द्यायचं नाही, कारण वाळलेलं बोंड उकलतं आणि बिया खाली सांडतात. तोडलेली बोंडं कागदाच्या पुडीत वाळवायची. रोज संध्याकाळी डब्याभोवतीची जागा पाहायची. आणि दिवाळीनंतर वेल सुकली की ती उकिरड्यावर न टाकता उपटून जाळायची. उकिरड्यावर टाकली तर चुकून राहिलेलं बी शेणखताबरोबर थेट वावरात जाईल.

माझ्या डब्यातल्या वेलींना एकूण ३१ बोंडं आली. सगळी भरलेली असती तर ३१ × ६ = १८६ बिया निघाल्या असत्या. मोजल्या तर १६४ निघाल्या. मी घाबरून २२ बिया कुठं गेल्या म्हणून सगळं अंगण झाडून पाहिलं. मग आईनंच बोंडांची टरफलं पुन्हा उघडून दाखवली. काही खणांत बी धरलंच नव्हतं, नुसती पोचट टरफलं होती. आईनं ती एकेक मोजली. बरोबर २२ भरली. आई म्हणाली, "हिशोब जुळला. पुढच्या साली दुसरा डबा लाव." आता ती पहाटे सडा टाकताना किती फुलं उमलली ते मला सांगते.

आणखी काळजी

१. गारवेलीचं बी कोणीही खाऊ नये. काळादाणा हे जुलाबाचं औषध आहे. लहान मुलानं खाल्लं तर उलट्या आणि जुलाब होतात. घरात लहान भावंडं असतील तर पुडी उंच फळीवर ठेवावी. चुकून कोणी खाल्लंच तर वाट पाहू नये, लगेच दवाखान्यात न्यावं आणि उरलेलं बी डॉक्टरांना दाखवावं.

२. रताळ्याची बहीण आहे म्हणून गारवेलीची मुळं किंवा पानं खाऊन पाहू नयेत. शेळीलाही घालू नयेत.

३. पानं कुरतडलेली दिसली तर पानाखाली पाहावं. शेपटीवर शिंग असलेली मोठी हिरवी अळी असते. ती चावत नाही. काडीनं उचलून दूर टाकावी.

४. पाणी सकाळी घालावं. पावसाच्या दिवसांत माती ओली असेल तर घालू नये.

५. वेल घराच्या माळवदावर किंवा लाईटच्या तारेवर चढू देऊ नये. सुतळी बांधून खिडकीच्या गजावर किंवा अंगणातल्या काठीवर वळवावी.

६. ज्यांचं घर वावरातच आहे त्यांनी गारवेल लावू नये. त्यांनी शाळेतल्या वेली पाहायला यावं. सकाळी लवकर आलं तर चांगलं.

समारोप

गारवेलीला वास नाही, तिचा हार होत नाही आणि ती दुपारपर्यंतही टिकत नाही. तरी पण तिच्यामुळं आमच्या वर्गातली उशिरा उठणारी मुलंसुद्धा दिवस उगवायच्या आत उठायला लागली. आपल्या पायाखालच्या साध्या वेलीला दिशा कळते, वेळ कळते आणि अंधार मोजता येतो, हे आम्हांला डोळ्यांनी पाहायला मिळालं.

सगळ्या डब्यांचं बी आम्ही आगपेटीच्या रिकाम्या डब्यांत भरून वर्गाच्या कपाटात ठेवलं आहे. पुढच्या जूनमध्ये ज्यांना पाहिजे त्यांना गुरुजी तीन-तीन बिया देतील. प्रत्येक आगपेटीवर आम्ही दोन ओळी लिहिल्या आहेत : बी खाऊ नये. बोंडं मोजून परत आणावीत.

— एक विद्यार्थिनी, इयत्ता चौथी,
जिल्हा परिषद प्राथमिक शाळा, देवगाव फाटा